लुदिया आत्याचा सलाम

एस.टी.चं दार उघडलं, आधी निळी बॅग खाली आली, मग लुदिया आत्या. अण्णा हार घेऊन पुढे झाले. "सलाम, अक्का," म्हणत त्यांनी हार उचलला, तेवढ्यात आत्यानं त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि गालाचा मुका घेतला. नुसते ओठ टेकवले असं नाही. आवाज आला.

भर स्टँडवर! तेही शनिवारी, बाजाराच्या दिवशी. कंडक्टर बेल द्यायची विसरला. कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन चाललेली एक बाई जागच्या जागी उभी राहिली. माझे वडील शाळामास्तर, अर्ध्या गावानं त्यांची छडी खाल्लेली. त्यांना काहीच सुचेना, तेव्हा त्यांनी तो हार स्वतःच्याच गळ्यात घातला. खोटं नाही सांगत.

मग आत्या माझ्याकडे वळली. "रिबके, केवढी वाळलीस गं!" म्हणाली आणि माझाही मुका घेतला. मी तर आ वासून बघतच राहिले. या बाईनं जन्मात माझ्या अंगाला हात लावला होता तो एकतर ताप बघायला, नाहीतर सुई टोचायला.

"सुमंत कुठंय?" तिनं विचारलं.

अण्णा जमिनीकडे बघायला लागले. सुमंत काका स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाला, रसवंतीच्या आडोशाला उभा होता. तोही बहिणीला घ्यायलाच आला होता, पण वेगळा आणि लांब. आत्या पदर खोचून सरळ तिकडे गेली. आवाज आम्हाला इथपर्यंत ऐकू आला.

आता हे सगळं एवढं विपरीत का वाटलं, ते सांगायला हवं. लुदिया आत्या म्हणजे नगरकडच्या एका मिशन हॉस्पिटलातली मोठी सिस्टर. लग्न केलं नाही. आजी गेली तेव्हा आत्या शाळेत होती आणि अण्णा-काका चड्डीत. तिनं दोघांना वाढवलं, शिकवलं, उजवलं. प्रेमानं म्हणाल तर प्रेमानंच, पण ते प्रेम तिच्या साडीसारखं होतं, कडक इस्त्रीचं. रिटायर झाल्यावर आमच्याकडेच राहायला आली. ती गल्लीतून चालली की पोरं दारं लावून घ्यायची. अशी ही बाई काही डॉक्टर-नर्सांबरोबर तीन महिने मिशनच्या कामाला अर्जेंटिनाला गेली होती. तो देश आम्हाला फक्त फुटबॉलमुळे ठाऊक. तिकडून ती साडी, चष्मा, अंबाडा सगळं होतं तसंच घेऊन परत आली, पण आतली बाई बदलून आल्यासारखी वाटत होती. मोठ्यानं हसायची. दुपारी पाय पसरून झोपायची. आणि हे मुके!

"तिकडे सगळे असाच सलाम करतात," घरी आल्यावर ती म्हणाली. "उपासनेला आले की आधी हे, मग बाकीचं. आणि आपल्या शास्त्रात काय वेगळं लिहिलंय? पवित्र चुंबनानंच सलाम करायला सांगितलंय. आपणच विसरलो." एवढं बोलून तिनं आईचा मुका घेतला. आईची तव्यावरची चपाती जळाली.

"दूधवाला आला की त्याचाही घेणार का?" अण्णांनी कुजकट विचारलं.

"तो चर्चच्या मंडळीतला नाही," आत्या शांतपणे म्हणाली. "शास्त्रात मंडळीपुरतंच सांगितलंय."

जेवताना तिनं माझ्या लग्नाचा विषय काढला. माझं लग्न जालन्याच्या हिवाळ्यांच्या मुलाशी ठरलं होतं, महिन्यावर आलं होतं. "सुमंतला बोलावणं गेलं का?" तिनं विचारलं.

आईनं वरणाचा डाव खाली ठेवला. अण्णा म्हणाले, "नाही. आणि जाणारही नाही. तो मांडवात आला की मी उठलो."

"आणि काका नसेल तर मी वेदीपुढे गुडघेच टेकणार नाही," मी म्हणाले. हे मी त्या महिन्यात रोजच म्हणत होते आणि मला ते खरंच करायचं होतं. काकाला मूलबाळ नाही. मी त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाले. मला सायकल त्यानं शिकवली, नदीत पोहायला त्यानं शिकवलं, हिवाळ्यांचा मुलगा मला आवडलाय हे अण्णांच्या आधी त्याला ठाऊक होतं. त्याच्याशिवाय कसली हळद अन् कसलं लग्न!

आणि भांडण कशावरून, तर एका भजनावरून. अण्णा आमच्या चर्चमध्ये तबला वाजवायचे, काका पेटी. एका नाताळाच्या उपासनेत अण्णांनी लय वाढवली. काका म्हणाला, शांतवन, पळतोयस कुठं? अण्णा म्हणाले, तूच रेंगाळतोयस. हे भर उपासनेत, गाणं चालू असताना. तिसऱ्या कडव्याला काकानं भाता मिटला, झाकण आपटलं आणि निघून गेला. झालं! तेव्हापासून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. चर्चच्या पंचांनी हात टेकले आणि वाटणी करून दिली, एक रविवार तबल्याचा, एक रविवार पेटीचा. मंडळीला त्याचीही सवय झाली. उपासना चालवायला नवीन पाळकसाहेब आले तेव्हा त्यांना वाटलं, इथली जुनी परंपराच आहे.

माझं बोलणं ऐकून आत्या नुसतं "बरं" म्हणाली आणि ताक प्यायली.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेत आत्यानं साक्ष दिली. देवानं सांभाळलं, तिकडची माणसं गरीब आहेत पण मोकळी आहेत, आपल्यालाही मोकळं होता आलं पाहिजे, असं थोडक्यात बोलली आणि बसली. लोकांना वाटलं, एवढंच. उपासना संपल्यावर पाळकसाहेब रिवाजाप्रमाणे दारात उभे राहिले. शेजारी पाळकबाई. एकेक जण सलाम करून बाहेर पडत होता. आत्याची पाळी आली. पाळकसाहेबांनी हात कपाळाकडे नेला, तो तिथेच राहिला. त्यांच्या दाढीत मुक्याचा आवाज जरा बुजला, पण पाळकबाईंना तो ऐकू गेला असणार, कारण त्यांच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं.

"सलाम, पाळकसाहेब," आत्या म्हणाली. "सलाम, पाळकबाई." आणि त्यांचाही घेतला. भेदभाव नको.

मग ती पंचांच्या रांगेकडे वळली आणि काय पळापळ झाली म्हणून सांगू! एकजण चप्पल सोडून पळाले. एकजण घंटेच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. सगळ्यात म्हाताऱ्या पंचांना पळता येईना, तर त्यांनी कवळी काढून हातात घेतली आणि डोळे मिटून उभे राहिले. बायकांच्या बाजूला निम्म्या जणी पदरात तोंड घालून हसत होत्या, निम्म्या रागानं लाल झाल्या होत्या. मी पहिल्या निम्म्यांत होते. अण्णा मागच्या दारानं निघून गेले. काका पुढच्या दारानं.

संध्याकाळी पाळकसाहेब आमच्या घरी आले. एकटेच. दाराजवळच्या खुर्चीवर बसले, चहा नको म्हणाले आणि आत्या आतून बाहेर आली तशी खुर्ची सरकवून मागे घेतली.

"भांबळ मास्तर," ते अण्णांना म्हणाले, "माझ्या घरात दुपारपासून चूल पेटलेली नाही. तुमच्या बहिणीला जरा समजावा."

"मलाच सांगा ना," आत्या म्हणाली. "मी इथंच आहे. शास्त्राच्या विरुद्ध काय केलं मी?"

"विरुद्ध नाही हो, सिस्टर. पण ते त्या काळातलं होतं."

"मग बाकीचंही त्याच काळातलं. दर रविवारी तुम्ही ते आम्हाला आताचं म्हणून सांगता. कुठलं पाळायचं आणि कुठलं सोडायचं, ते एकदा व्यासपीठावरून सांगा, म्हणजे आम्ही खूण करून ठेवू."

पाळकसाहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कॅलेंडरवर बुधवारच्या तारखेला आईनं पेन्सिलीनं गोल केला होता. तो बघून अण्णांचा चेहरा एकदम पडला.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "बुधवारी हिवाळे येणार आहेत."

"ठाऊक आहे."

"व्याही. जालन्याच्या मंडळीत ते मोठे पंच आहेत."

"म्हणजे मंडळीतलेच की," आत्या म्हणाली. "नीट सलाम करू आपण त्यांना."

अण्णांच्या तोंडचं पाणीच पळालं. माझंही. मघापासून मला हसू आवरत नव्हतं, ते तिथे थांबलं. हिवाळे म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. मिशीला पीळ देऊन बोलणारा माणूस. होकार देताना त्यांनी आमच्या घराण्याची तीन पिढ्यांची चौकशी केली होती आणि "आम्हाला फक्त शिस्तीची माणसं लागतात," असं दोनदा बजावलं होतं. या माणसाचा आत्या मुका घेणार! लग्न मोडायला आणखी काय लागतं? काका राहिला बाजूला, इथं नवराच हातचा जायची वेळ आली.

सोमवारी अण्णांनी आत्याला विनवलं. मंगळवारी सकाळी दरडावलं. आत्या मेथी निवडत होती, ती निवडत राहिली. "तिकडे तीन महिने शिकलेलं असं एका दिवसात कसं सोडू?" म्हणाली. मी तिच्यापुढे रडून पाहिलं. तिनं माझे डोळे पुसले आणि माझाच मुका घेतला.

शेवटी आई म्हणाली, "तिनं ऐकलं तर एकाच माणसाचं ऐकेल. पहिल्यापासून धाकट्याचंच ऐकत आलीय."

"त्याचं नाव काढू नकोस."

"नाही काढत. मग उद्या हिवाळ्यांना काय सांगायचं तेवढं ठरवून ठेवा."

अण्णा ओसरीत येरझाऱ्या घालायला लागले. चार घेतल्या, पाच घेतल्या. मग टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर." कुठं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

काकाचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तो एस.टी.च्या डेपोतल्या कामावरून नुकताच आला होता, हाताचं ग्रीस धूत होता. अण्णांना दारात बघून साबण त्याच्या हातातून निसटला. काकूनं खुर्ची पुढे केली. अण्णा बसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "रिबका, तुझ्या काकाला सांग, उद्या अक्का व्याह्यांचा मुका घेणार आहे."

काका माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तरी मी सांगितलं, "काका, उद्या आत्या—"

"रिबका, तुझ्या बापाला विचार, मग त्याला मी काय करू?"

"अण्णा, काका विचारतोय, तो काय—"

"सांग त्याला, ती त्याचं ऐकते."

"विचार त्याला, कधीपासून? शनिवारी भर स्टँडवर माझी काय फजिती झाली, ती बघितली नाही का त्यानं? डेपोतली पोरं मला बघून ओठ काढून दाखवतात."

"सांग त्याला, माझ्या शाळेतल्या फळ्यावर चित्र काढलंय पोरांनी."

"कुणाचं चित्र?" काकानं विचारलं. हे त्यानं मला नाही विचारलं.

"माझं," अण्णा म्हणाले. "हारासकट."

काका टॉवेलनं हात पुसत होता, पुसतच राहिला. मग म्हणाला, "उद्या येणार ते हिवाळे म्हणजे ते मिशावाले?"

"तेच. पीळवाले."

"आणि अक्का त्यांचा..."

"हो ना रे!"

काकाच्या तोंडातून आधी नुसता फुस्स असा आवाज आला. मग तो हसायला लागला. अण्णांनी कपाळाला आठ्या घालून पाहिल्या, पण त्यांच्याच मिशा थरथरायला लागल्या होत्या, आणि मग दोघंही असे हसले की काकाला खाटेचा आधार घ्यावा लागला आणि अण्णा मघाशी नाकारलेल्या खुर्चीत जाऊन पडले. काकू स्वयंपाकघरात डोळ्यांना पदर लावून उभी होती. मलाही रडू आलं. पण मी तोंडातून ब्र काढला नाही. अशा वेळी मध्ये बोललं की माणसांना भान येतं.

दोघं तसेच उठून आमच्या घरी आले. एकत्र! एकाच रस्त्यानं, शेजारी-शेजारी. आत्या ओसरीत बसून वाल सोलत होती. दोघं तिच्यासमोर बाकावर बसले.

"अक्का, हे काय चालवलंयस?" काकानं सुरुवात केली.

"या वयात ही थेरं?" अण्णांनी पुढचं उचललं.

"अगं, लोक आम्हाला हसतात."

"पोरीचं लग्न मोडेल."

"शास्त्रातलं शास्त्रात राहू दे."

"आणि तिकडचं तिकडे."

आत्या मान खाली घालून ऐकत होती. एक बोलायचा थांबला की दुसरा सुरू करायचा, आणि मध्ये श्वास घेण्याइतकीसुद्धा फट नव्हती. लहानपणी दोघं मिळून काही फोडायचे तेव्हा असेच एका सुरात खोटं बोलायचे, असं ती मला नंतर म्हणाली.

"झालं तुमचं?" तिनं विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. "आजपासून कुणाचाही मुका घ्यायचा नाही. कुणाचाही. कबूल कर."

"आमच्या दोघांच्या समोर," काका म्हणाला.

आत्यानं वालाची शेंग हातात धरली होती, ती तशीच ठेवून दिली. मग म्हणाली, "बरं. सोडलं. पण मग तुम्हीही माझ्यासमोर कबूल करा. सुमंत हळदीपासून मांडवात राहील आणि शांतवन उठून जाणार नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपण एकाच बाकावर बसलोय हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं असावं. अण्णा जरासे सरकले, पण बाक लहान होता, सरकायला जागा नव्हती.

"मी कधी म्हटलं उठून जाईन?" अण्णा पुटपुटले.

"रोज म्हणत होतात!" मी ओरडले.

"आणि मला बोलावणं?" काका म्हणाला. "बोलावणं कुठं आलंय मला?"

"आत्ता मग कशाला आलो होतो तुझ्याकडे?" अण्णा त्याच्यावर खेकसले. "ये की! हळदीला ये, लग्नाला ये, पाहिजे तर उद्यापासून इथेच राहायला ये!"

"येतो," काका म्हणाला. आई चहा घेऊन आली, तोवर दोघं हिवाळ्यांच्या मिशीवर पुन्हा हसायला लागले होते.

बुधवारी व्याही आले. आत्या इस्त्रीची पांढरी साडी नेसून उभी होती. तिनं लांबूनच कपाळाला हात लावून सलाम केला. हिवाळे जाताना अण्णांना म्हणाले, "तुमच्या भगिनी फार शिस्तीच्या दिसतात." काकाला एकदम ठसका लागला आणि तो उठून परसात गेला.

ते सगळे गेल्यावर मी आत्याला स्वयंपाकघरात गाठलं. ती वाटण वाटत होती. मला राहवेना. म्हणाले, "आत्या, तू एक नंबरची बिलंदर आहेस. सगळं नाटक केलंस ना? पाळकसाहेब, पंच, सगळं?"

ती खुदकन हसली. "पाळकसाहेबांचं नाटक होतं. दाढी काय टोचते गं त्या माणसाची!"

"आणि हिवाळ्यांचा खरंच घेतला असतास?"

"वेड लागलंय का मला? पण त्या दोघांना खरं वाटलं पाहिजे होतं ना. एकानं नुसतं दुसऱ्याच्या दारात जायला हवं होतं. मी एवढी वर्षं सांगून थकले, रडून थकले. मग म्हटलं, दोघांना मिळून कुणावर तरी चिडू दे. माझ्यावरच चिडू दे."

"म्हणजे तिकडचं ते मुक्यांचं काही खरं नव्हतंच."

तिचा वरवंटा थांबला. "ते खरं होतं," ती म्हणाली. "पहिल्या रविवारी तिकडच्या एका म्हातारीनं माझा मुका घेतला. मी काठीसारखी ताठ उभी. आणि मग रिबके, मला दारातच रडू फुटलं. आई गेली त्या दिवसापासून माझा कुणी मुका घेतलाच नव्हता. तुझ्या बापाचे मी घेतले, सुमंतचे घेतले. लहान होते ना ते. माझा कोण घेणार? मीच सगळ्यांत मोठी. मग मी तीन महिने रोज चर्चला सगळ्यांच्या आधी जाऊन दारात उभी राहायची. लाजही वाटायची नाही. इकडे येताना मनात म्हटलं, एवढी एक गोष्ट घेऊन जाते घरी."

"आणि तीच सोडलीस? काल त्यांनी नुसतं कबूल कर म्हटलं, तर लगेच?"

"दोघं एका बाकावर बसले होते गं," ती म्हणाली. "आणखी काय पाहिजे होतं मला? आता शब्द दिला तो दिला." आणि ती पुन्हा वाटायला लागली.

मला अण्णांचा राग आला, काकाचा आला, आणि सगळ्यात जास्त या म्हातारीचा आला. मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आत्या," मी म्हणाले, "शब्द तू दिलास ना? कुणाचा मुका घेणार नाही, असा?"

"हो."

"मी कुठं दिलाय?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी वाकून तिच्या गालाचा मुका घेतला, चांगला खणखणीत, ओसरीपर्यंत जाईल असा.

"अगं, हात बरबटलेत माझे, मिरची लागेल," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, ते मिरचीनं नव्हते. मग तिनं मान वळवली आणि दुसरा गाल पुढे केला.